सात नंबरच्या चिठ्ठ्या

सिस्टरने पाकीट टेबलावर ठेवलं आणि आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली.

"उघडून बघा," ती म्हणाली. "माझी अकरा वर्षांची नोकरी त्यात आहे."

टेबलामागे वहिनी बसल्या होत्या. वीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासून त्यांनी शेवटी स्वतःची पाटी लावली होती: खाजगी तपास. माणसं खोटं बोलतात याचं त्यांना कधी वाईट वाटत नसे. ती निष्काळजीपणे खोटं बोलतात याचं वाटे. बाजूच्या स्टुलावर त्यांचे धाकटे दीर होते. वहिनी त्यांना भावोजी म्हणत, म्हणून येणारे-जाणारेही भावोजीच म्हणत. आरक्षणाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. माणूस अर्ज कसा पुढे सरकवतो यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, अशी त्यांची खात्री होती. या खात्रीने आजवर एकही प्रकरण सुटलं नव्हतं, पण त्यामुळे खात्रीला काही झालं नव्हतं.

पाकिटात तळहाताएवढा रंगीत फोटो होता. कॉफीच्या दुकानाची मोठी काच. काचेमागे दोन्ही हातांत कप धरून बसलेली सिस्टर, नजर कुठेतरी लांब. दुकानाच्या दारावर गोल घड्याळ, त्यात साडेदहा. काचेवर खडूने लिहिलेलं: आज रविवार, बारापर्यंतच. डावीकडे खाली लाल सुटकेसचा एक कोपरा आणि चाक, कुणीतरी ओढत नेत असावं.

सोबत छापील ओळ होती. "दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. तुमची सिस्टर म्हणे वॉर्डात होती."

तिने सगळं सांगितलं ते एखाद्या रुग्णाचा अहवाल द्यावा तसं, क्रमाने. दुसऱ्या रविवारी ती सकाळपासून वॉर्डात एकटी होती. मदतनीस रजेवर. औषधांच्या कपाटातल्या सहा कुप्या सकाळी मोजल्या तेव्हा होत्या, दुपारी मोजल्या तेव्हा नव्हत्या. कपाटाला किल्ल्या दोन, एक तिच्या खिशात आणि एक औषध विभागात. तिने लिहून दिलं होतं की मी वॉर्ड सोडला नाही. पडद्यामागे रुग्णांना स्वच्छ करत होते, तेवढ्यात कुणी आलं-गेलं असेल तर दिसलं नाही. वॉर्डात सगळे थकलेले म्हातारे, त्यांची साक्ष कोण काढणार? तिच्या शब्दावर गाडी चालली होती. बुधवारी वरिष्ठांच्या नावाने हे पाकीट आलं. त्यांनी ते उत्तर द्यायला तिच्या हाती दिलं; सोमवारी चौकशी होती.

"त्या दुकानात तुम्ही जाता?" वहिनींनी विचारलं.

"सुट्टीच्या रविवारी नेहमी. आदल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गेले होते. त्याच्या आधीही कितीदा तरी. फोटो माझाच आहे हो. रविवार तो नाही."

"हे वरिष्ठांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, सिद्ध करा."

भावोजींनी फोटो डोळ्यांजवळ धरून त्यात तारीख शोधली. वार होता, वेळ होती, तारीख तेवढी नव्हती. असा फोटो आपल्या खिडकीवर कुणी दिला असता तर आपण अपूर्ण म्हणून परत केला असता, असं ते म्हणाले. 

वहिनींनी कागद दोन बोटांत चोळला. जाड होता, चकाकी नसलेला, किंचित पिवळट.

"कागद ओळखीचा आहे का?"

सिस्टरने मान डोलावली. म्हणूनच ती पोलिसांकडे न जाता इथे आली होती. "आमच्या मंडळाचा आहे. आम्ही सगळे मिळून एकदम मागवतो, शहरात दुसरीकडे मिळत नाही. आणि कुप्यांचं मी तिथेच बोलले होते, तिसऱ्या रविवारी. घरात सांगितलं असतं तर आईला झोप लागली नसती. म्हटलं, ही आपली माणसं."

मंडळ हौशी फोटोवाल्यांचं होतं. दर रविवारी दुपारी चार वाजता एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आठ-नऊ जण जमत. शहरात फिरून काढलेला एकेक फोटो प्रत्येकाने आणायचा, कुणाला न दाखवता पेटीत टाकायचा. मग फोटो नंबर लावून टेबलावर मांडले जात, आणि प्रत्येकाने प्रत्येक फोटोवर चिठ्ठी लिहायची. फोटो बिननावाचा, टीका मात्र नावानिशी. ज्याचा फोटो त्यानेही स्वतःच्या फोटोवर चिठ्ठी लिहायची, नाहीतर चिठ्ठ्या मोजून फोटो कुणाचा ते लगेच कळेल. चिठ्ठ्या वाचून झाल्या की हवं तर हात वर करायचा, फोटो आणि चिठ्ठ्या घ्यायच्या. नको असेल तर गप्प बसायचं.

"तुमच्या चिठ्ठ्या कशा असतात?" वहिनींनी विचारलं.

सिस्टर पहिल्यांदाच थोडी वरमली. "जरा तिखट असतात."

"कोणाला झोंबल्या?"

"सगळ्यांनाच, एकदा ना एकदा."

*

शुक्रवारी संध्याकाळी त्यांना दप्तरी भेटले. हा माणूस एका कारखान्याच्या भांडारात अडतीस वर्षं होता; मंडळात पेटी, नंबर, चिठ्ठ्या, शिक्के सगळं यांच्याकडे, म्हणून दप्तरी. खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असे. चौकशी गुपचूप ठेवायची हे त्यांनी कबूल केलं आणि लगेच आवाज इतका खाली आणला की भावोजींना दोन पायऱ्या वर चढून कान द्यावा लागला.

खोली लांबट होती. मधे टेबल, भोवती एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या. भिंतीवर दोरी ताणून तिला चिमट्यांनी त्या महिन्याचे फोटो लटकवलेले: जिना, पुलाखालची माणसं, न्हाव्याचा आरसा, बंद शटरपुढे झोपलेलं कुत्रं. कोपऱ्यातल्या फळ्यावर दप्तरींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: या महिन्याचं बंधन, रंग नाही. त्याखाली मागच्या महिन्याचं अर्धवट पुसलेलं: गुडघ्याच्या उंचीवरूनच.

"बंधन घातलं की डोकं चालतं," दप्तरी म्हणाले. "मोकळं सोडलं की सगळे सूर्यास्त आणतात."

वहिनींनी फोटो दाखवला नाही. नुसतं वर्णन केलं. कॉफीच्या दुकानाची काच, आत बाई, दारावर घड्याळ, साडेदहा.

"हा तर सात नंबर," दप्तरी पटकन म्हणाले. "पहिल्या रविवारचा. इमारत उजवीकडे कलली होती. मी चिठ्ठीत लिहिलंय तसं."

"सिस्टरला कसा आठवला नाही?"

"ती नव्हती त्या दिवशी, दुपारची पाळी होती. आठ जण होतो. आणि सात नंबरवर कुणी हात वर केला नाही. हक्क न सांगितलेले फोटो आम्ही टांगत नाही, या पेटीत ठेवतो."

पेटीत पाच फोटो निघाले. सात नंबर नव्हता. दप्तरींनी पेटी दोनदा उलटी केली, एकदा आपटली. त्यांचा चेहरा भांडारात एक पाना कमी भरल्यासारखा झाला.

"कोण उघडू शकतं?"

"कोणीही. कुलूप नाहीये. खोलीच्या किल्ल्या दोन, माझ्याकडे आणि खाली चष्मेवाल्यांकडे. पण रविवारी सगळेच इथे असतात."

"आणि चिठ्ठ्या?"

दप्तरी जरा ओशाळले. हक्क न सांगितलेल्या फोटोच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडून टाकायच्या, असा मंडळाचा नियम होता. सगळ्यांची तशीच समजूत होती. दप्तरींचा मात्र कागद फाडायला हात होत नसे. त्यांच्या घरी पलंगाखाली नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, रविवारवार, दोऱ्याने बांधलेल्या, तारखेचा शिक्का मारून.

तिघे तिकडे गेले तेव्हा दप्तरींच्या बायकोने, या पलंगाला पाय नाहीत, कागद आहेत, असं म्हणत गठ्ठा बाहेर ओढायला मदत केली. सात नंबरच्या आठ चिठ्ठ्या होत्या, पहिल्या रविवारच्या शिक्क्यासह. वहिनींनी त्या दिव्याखाली एकेक मांडल्या.

गणितबाईंची: "खिडकीत कप धरून बसलेली बाई हाच फोटो. बाकी सगळं कापा."

दंतवैद्यांची: "घड्याळ, पाटी, खिडकी, पुढ्यात काळी सुटकेस ओढणारी बाई. चार फोटो एकात कोंबलेत, एकही नीट दिसत नाही."

दप्तरींची: "साडेदहा स्पष्ट दिसतात हे बरं. इमारत उजवीकडे पडतेय."

चष्मेवाल्यांची: "वातावरण छान. फक्त लाल सुटकेस नजर ओढून घेते, ती नसती तर बरं झालं असतं."

उरलेल्या चार चिठ्ठ्यांपैकी तिघांनी गर्दी फार म्हटलं होतं आणि एकाने नुसतं "पाहिला" लिहून सही ठोकली होती.

"जमलं," रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले. "फोटो पहिल्या रविवारी टेबलावर होता, मग दुसऱ्या रविवारचा कसा असेल? सिस्टर सुटली."

"त्या दुकानापुढे रविवारी किती जण फोटो काढत असतील, भावोजी? चौकशीवाले म्हणतील, तुमच्या मंडळाने सांगितलेला फोटो वेगळा, आमच्या हातातला वेगळा. चिठ्ठ्यांवर बाईचं नाव नाही. मला मूळ फोटो हवा, पूर्ण. तो एकाच माणसाकडे आहे."

"ज्याने तो काढला त्याच्याकडे."

"आणि त्याला तो आज, उद्या, केव्हाही पुसून टाकता येईल. आपल्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे, तोही त्याला कळलं नाही तर."

 मग भावोजींनी आपला शोध सांगितला. सुटकेस लाल आहे हे पाकिटातल्या फोटोत स्पष्ट दिसतं. चष्मेवाले बरोबर लाल म्हणतात. दंतवैद्य मात्र काळी म्हणतो. ज्याला फोटोशी आपला संबंध लपवायचा आहे, तोच असं मुद्दाम चुकीचं लिहील.

"लक्षात ठेवते," वहिनी म्हणाल्या. त्या असं म्हणाल्या की भावोजींना नेहमी बरं वाटे. का बरं वाटे याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

*

शनिवारी तिघांची गाठ घ्यायची होती. उरलेले चौघे जण तिसऱ्या रविवारी आलेलेच नव्हते. कुप्यांची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

दंतवैद्यांनी दोन रुग्णांच्या मधली सात मिनिटं दिली आणि घड्याळ लावून दिली. त्यांचा कॅमेरा मंडळात सगळ्यात भारी होता आणि हे त्यांनी बसायच्या आत सांगितलं. सिस्टरवर राग होता का? होता, का नसावा? बाकांवर, पायऱ्यांवर झोपलेल्या माणसांचे त्यांचे बारा फोटो प्रदर्शनात लागायचे होते. सिस्टरने एका चिठ्ठीत लिहिलं की झोपलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. बस, मंडळाने बाराही फोटो उतरवले.

"पण मी निनावी पत्र लिहीन असं वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले. "मी खाली सही केली असती, पदवीसकट."

भावोजींच्या दाढेकडे त्यांचं लक्ष गेलं होतं. निघताना त्यांनी सांगितलं की ती काढावी लागेल. या एका वाक्याने भावोजींचा त्यांच्यावरचा संशय पक्का झाला.

गणितबाईंच्या घरी शिकवणी चालू होती. एका डोळ्याने वह्या, एका डोळ्याने पाहुणे, असं त्या बोलल्या. सिस्टरने त्यांच्या एका फोटोवर लिहिलं होतं, गणित सुटलं, फोटो अडकला. त्यांनी ती चिठ्ठी फळ्याच्या चौकटीत खोचून ठेवली होती. वाईट वाटलं का, तर वाटलं, दोन दिवस. मग तो फोटो कापून पाहिला आणि सिस्टरचं बरोबर निघालं. "मला तिच्यासारखंच लिहायचं असतं," त्या म्हणाल्या. "माझं म्हणणं एकच, नको ते कापा. कुणी ऐकत नाही."

"सात नंबर आठवतो?"

"खिडकीतली बाई? नखाएवढी होती, पण तीच खरी होती. कोण होती कोण जाणे, चेहरा काही ओळखू आला नाही."

चष्मेवाल्यांनी मात्र दुकानात बसवून घेतलं, कॉफी मागवली, आणि भावोजींचा चष्मा हातात घेऊन त्याची सैल झालेली काडी फुकट घट्ट करून दिली. साठीचा, मऊ आवाजाचा माणूस. नऊ वर्षांपूर्वी मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं, खोलीचं भाडं कधी घेतलं नव्हतं. सिस्टरचं ऐकून त्यांना फार वाईट वाटलं होतं. कोण असं करेल? सगळी चांगली माणसं. सात नंबर? असेल एखादा. इतके फोटो येतात, सगळेच छान असतात.

"तुमच्या चिठ्ठ्या गोड असतात म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"रविवारची दुपार असते हो. कशाला कुणाला दुखवायचं?"

दुकानाबाहेर भावोजी म्हणाले, असा माणूस मंडळाला मिळायला नशीब लागतं. वहिनींनी त्यांना आणखी एकदा दप्तरींकडे पाठवलं, चष्मेवाल्यांच्या जुन्या चिठ्ठ्या बघायला. भावोजींनी पन्नासेक चिठ्ठ्या वाचल्या. छान. फार छान. सुंदर प्रयत्न. वातावरण छान. वाचून वाचून त्यांना साखर खाल्ल्यासारखं झालं. दप्तरी बाजूला बसून बोलत होते: पूर्वी चष्मेवाल्यांची चिठ्ठी शेवटी वाचायची पद्धत होती, मानाची म्हणून. सिस्टर आल्यापासून तिची शेवटी वाचतात. ठरवून नाही झालं. एक दिवस सगळेच म्हणाले, सिस्टरचं राहू दे शेवटी.

भावोजींनी हे सगळं घरी येऊन सांगितलं, बिनमहत्त्वाचं आहे असं आधीच बजावून.

*

रविवारी चार वाजता पहिल्या रविवारचे आठही जण हजर होते. तेवढी तजवीज दप्तरींनी केली होती. सिस्टर दाराजवळच्या खुर्चीत बसली. वहिनी टेबलाच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि आपण कोण, कशासाठी आलो, ते दोन वाक्यांत सांगितलं.

"मंडळाच्या पद्धतीनेच विचारते," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते. पहिल्या रविवारच्या सात नंबरमध्ये एक बाई सुटकेस ओढत चालली होती. सुटकेस कोणत्या रंगाची होती? आठवेल ते लिहा, खाली नाव."

दंतवैद्यांनी हा पोरखेळ आहे असं म्हणून सगळ्यांच्या आधी लिहिलं. चष्मेवाल्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. भावोजींनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचल्या. काळी. काळी. राखाडी. काळपट. आठवत नाही. काळी. गणितबाईंनी लिहिलं होतं: रंग नाही. शेवटची चष्मेवाल्यांची होती: काळी.

"आणि ती खरोखर कशी होती," वहिनी म्हणाल्या, "ते बघा." त्यांनी पाकिटातला फोटो टेबलाच्या मधोमध ठेवला. लाल कोपरा सगळ्यांना दिसला.

"म्हणजे आम्ही सगळे आंधळे?" दंतवैद्य म्हणाले.

"नाही. तुम्ही सगळे खरे. त्या महिन्याचं बंधन काय होतं?"

सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या.

"रंग नाही," वहिनी म्हणाल्या. "सात नंबरचा फोटो काळा-पांढरा होता. त्यात लाल सुटकेस काळपटच दिसणार. आमच्या भावोजींना वाटलं, दंतवैद्य मुद्दाम काळी लिहितात. पण त्यांनी जे दिसलं ते लिहिलं होतं. सुटकेस लाल होती हे टेबलाभोवती बसून कुणालाही कळणं शक्य नव्हतं. दुकानाची छत्री नव्हे, भिंत नव्हे, की रोज तिथे दिसेल. एक बाई आली, सुटकेस ओढत गेली, परत कुणाला दिसली नाही. तिचा रंग फक्त त्याला माहीत, जो तेव्हा समोर कॅमेरा घेऊन उभा होता."

भावोजींनी दाढेवर हात ठेवला. दाढ तशी दुखत नव्हती.

"मग तो माणूस कसा सापडायचा?" दप्तरींनी विचारलं. "आज तर लाल कुणीच लिहिलं नाही."

"आज नाही. पहिल्या रविवारी लिहिलं." वहिनींनी पर्समधून शिक्का मारलेली चिठ्ठी काढली आणि वाचली. "वातावरण छान. फक्त लाल सुटकेस नजर ओढून घेते, ती नसती तर बरं झालं असतं."

खाली कुणाचं नाव आहे हे त्यांनी वाचलं नाही. गरज नव्हती. चष्मेवाले दप्तरींकडे बघत होते, फाडायच्या चिठ्ठ्या न फाडणाऱ्या माणसाकडे.

"चुकून शब्द गेला असेल," ते म्हणाले. "एखाद्या शब्दावरून तुम्ही..."

"एखाद्या शब्दावरून नाही. तो शब्द अंदाजाने लिहिला असता तर आजही तुम्ही लालच म्हणाला असता. आज तुम्ही काळी लिहिलंत. म्हणजे टेबलावरचा फोटो कसा होता हे तुम्हाला पक्कं आठवतं, आणि आपल्या तोंडून लाल निघू नये हेही कळतं. बाकी कुणाला पेन दोनदा उघडावं लागलं नाही."

 वहिनी पुढे बोलत राहिल्या, दाव्याचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात.

"मला पहिली शंका शुक्रवारी आली ती रंगामुळे. पक्की झाली ती भावोजींमुळे. त्यांनी तुमच्या पन्नास चिठ्ठ्या वाचल्या. एकीतही फोटोत काय आहे याचा उल्लेख नाही. कुणाच्याही फोटोला ती चिठ्ठी चिकटवा, चालेल. मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांत एकदाच तुम्ही फोटोतल्या एका वस्तूला नाव ठेवलंत. दुसऱ्याला दुखवायचं नाही हा तुमचा नियम. मग हा फोटो दुसऱ्याचा नव्हता. स्वतःच्या फोटोवर लिहायचं म्हणून लिहायला बसलात, आणि घरी बघताना जी गोष्ट खटकली होती तीच लिहून गेलात. घरी तुम्ही तो रंगीत बघितला होता."

"हात वर का नाही केला?" गणितबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आठ चिठ्ठ्यांत एकही चांगली नव्हती," वहिनींनीच उत्तर दिलं. "मंडळ सुरू करणाऱ्याने तो फोटो आपला म्हणायचा कसा? पण घरी जाऊन त्यांनी तुमचं ऐकलं, बाई. बाकी सगळं कापलं. खिडकी मोठी केली, तेव्हा आत कोण बसलंय ते दिसलं. पुढच्या आठवड्यात कुप्या गेल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात सिस्टरने ते इथे सांगितलं. वार जुळत होता, वेळ जुळत होती. तारीख लिहायची तेवढी बाकी होती. रंगीत पाठवला म्हणजे मंडळाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोची आठवण कुणाला होणार नाही, आणि पेटीतला काढून घेतला म्हणजे शेजारी ठेवायला काही उरणार नाही. कागद मात्र हाताशी होता तो वापरला."

चष्मेवाल्यांच्या हातात काच पुसायचं फडकं होतं. ते खालून कधी वर आलं हे बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते चार घड्या करून टेबलावर ठेवलं.

"नोकरी जाईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मऊ आवाज तसाच होता, फक्त लहान झाला होता. "वाटलं, वॉर्ड सोडून गेली म्हणून रविवारच्या पाळ्या लावतील. वर्षभर. म्हणजे इथे येता येणार नाही."

"मी काय केलं होतं?" सिस्टरने विचारलं.

"तू काही नाही केलंस. लोक माझी चिठ्ठी वाचायचे नाहीत. घ्यायचे, घडी घालायचे, खिशात. तुझी आली की खुर्च्या पुढे सरकायच्या."

सिस्टर उठून टेबलापाशी आली. ती ओरडेल असं भावोजींना वाटलं. त्यांनी खिडकीवर तीस वर्षं ओरडणारे बघितले होते आणि ओरडण्याआधीचा चेहरा ते ओळखत. पण तिने फक्त तो रंगीत फोटो उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"काका, हे मला तोंडावर सांगितलं असतं तर मी चार रविवार आले नसते," ती म्हणाली. "खरंच नसते आले. आता मला तो पूर्ण फोटो द्या. कॅमेऱ्यासकट. आणि तुम्ही जे आत्ता बोललात ते लिहून द्या, नावानिशी."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. भावोजी आणि दंतवैद्य त्यांच्याबरोबर खाली गेले. दुकानातल्या संगणकावर मूळ फोटो होता, पुसलेला नव्हता. पुसायला दोनदा बसलो, ते म्हणाले, पण खिडकीतला तेवढा तुकडा खरंच चांगला आला होता. पूर्ण फोटोत चौक होता, दुकान होतं, लाल सुटकेस ओढत चाललेली बाई होती. इमारत उजवीकडे कलली होती. नोंदीत तारीख होती आदल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारची. त्यांनी जबाब हाताने लिहिला, दोन पानं, आणि सही केली. दंतवैद्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, पदवीसकट.

वर खोलीत गणितबाई सिस्टरजवळ बसल्या होत्या. कापा म्हणून मीच लिहिलं होतं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि सिस्टर त्यांना सांगत होती की सल्ला बरोबर होता, फोटो त्यानेच सुधारला.

*

सोमवारी सकाळपासून भावोजी फोनच्या बाजूच्या खुर्चीत होते. वर्तमानपत्र तीनदा वाचून झालं. वहिनी दुसऱ्याच कुठल्यातरी जळालेल्या दुकानाचे कागद तपासत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

सव्वाबारा वाजता फोन वाजला. भावोजींनी पहिल्याच घंटेला उचलला. पलीकडे कुणीतरी खोकत होतं, लोखंडी खाट सरकत होती, आणि सिस्टरचा आवाज घाईत होता.

तिने सांगितलं ते एवढंच. कागद बघितले, फोटो बघितला, मला बाहेर बसवलं, आत बोलावलं, आणि आता औषध विभागाकडून दुसऱ्या किल्लीचा हिशेब मागितला आहे.

"आणि तुमचं काय ठरलं?" भावोजींनी विचारलं. "चौकशीत काय म्हणाले शेवटी? शब्दन् शब्द सांगा, वहिनी इथेच आहेत."

"संध्याकाळी सांगते. चार नंबरची सलाईन संपत आलीय."

फोन बंद झाला. भावोजी रिसीव्हरकडे बघत राहिले, मग त्यांनी तो जरा जोरातच ठेवला. आजकालच्या लोकांना दोन वाक्यं नीट बोलायला होत नाहीत, निकाल काय लागला ते सांगितलंच नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"कुठून बोलत होती?" वहिनींनी कागदातून डोकं न काढता विचारलं.

"वॉर्डातून."

"मग सांगितलं की," वहिनी म्हणाल्या.